डोंबिवलीत दोघींसाठी लहान घर: स्टेशनजवळची जुनी इमारत घ्यावी का?

परळची_मानसी

मी आणि आई, दोघीच. सध्या परळला अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. करार संपत आला की मालक भाडं वाढवणार की खोली मागणार, या विचाराने आईची झोप उडते. ती ६६ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. आता स्वतःचं घर घ्यायचंच असं ठरवलंय. लहान असलं तरी चालेल.

हाताशी १४ लाख आहेत, त्यात बाबांच्या फंडाचे आणि आईच्या एफडीचे सगळे आले. कर्ज धरून एकूण ४५ लाखांच्या वर जाता येणार नाही. माझं ऑफिस फोर्टला आहे. डोंबिवली निवडली कारण मावशी टिळकनगरला राहते, आणि आईला भाजी, देऊळ, डॉक्टर सगळं पायी मिळेल.

तीन घरं बघून ठेवली आहेत.

पहिलं पूर्वेला, रामनगरमध्ये. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, इमारत तीस वर्षांच्या पुढची. घर पहिल्या मजल्यावर, ३८५ चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), मालक ४१ लाख म्हणतोय. हॉल लहान आहे, पण स्वयंपाकघराचा ओटा खिडकीखाली आहे आणि भरदुपारी दिवा न लावता पोळ्या लाटता येतील एवढा उजेड. आईने तिथे ओट्यावर हात ठेवला आणि लगेच डबे कुठे ठेवायचे ते सांगायला लागली.

दुसरं पश्चिमेला, लिफ्ट आहे, ४२० फूट, ३८ लाख. पण स्टेशनपासून शेअर रिक्षा करावी लागते.

तिसरं मानपाडा रोडने बरंच आत, महापालिकेला जोडलेल्या २७ गावांच्या हद्दीत. कोरी इमारत, सात मजले, ५०० फूट, सगळं धरून २९ लाख. एजंट म्हणतो रेराचा, म्हणजे सरकारी गृहप्रकल्प नोंदणीचा, नंबर आहे, ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) येईलच. एवढं मोठं घर एवढ्या पैशात मिळतंय म्हणून मामा त्याच्या मागे लागलाय.

माझा जीव पहिल्यात अडकलाय. पण जुनी इमारत, लिफ्ट नाही आणि आई. इथे राहणाऱ्यांनी सांगावं.

जुना_डोंबिवलीकर

मानसी, आधी तिसऱ्याबद्दल, कारण ते ऐकून मला राहवलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून त्यांना महारेराचे नंबर मिळवले होते. माणसांनी नंबर बघून, कर्ज काढून घरं घेतली आणि नंतर दारावर नोटीस आली. म्हणून नुसत्या रेराच्या नंबरावर जाऊ नका. बांधकाम परवानगीची प्रत घ्या आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी आहे का ते विचारा. ‘ओसी येईलच’ या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. तुमच्या मामांनाही हे वाचून दाखवा. माझ्या ओळखीतली दोन कुटुंबं त्या यादीत आहेत, म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय.

आता पहिलं आणि दुसरं. पश्चिमेचं घर वाईट नाही, पण रोजचा दिवस डोळ्यासमोर आणा. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, फास्ट लोकलने तासाच्या आसपास. सकाळी डोंबिवलीहून सुटणारी लोकल पकडलीत तरच बसायला मिळायची आशा, आणि त्यातही काही बायका आधीच्या स्टेशनवर तीच गाडी उलटी पकडून बसूनच आलेल्या असतात. संध्याकाळी गर्दीतून उतरल्यावर परत रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. पावसात ती रांग जिन्यापर्यंत येते. रामनगरहून तुम्ही दहा मिनिटांत घरात. हा वेळ रोज वाचतो, आणि आईला एकटीला फडके रोडपर्यंत जाऊन गणपतीचं दर्शन घेऊन येता येतं. लिफ्ट असलेल्या पण रिक्षावाचून हलता न येणाऱ्या घरात म्हातारी माणसं घराबाहेर पडेनाशी होतात. माझी स्वतःची आई तशी बसली होती.

पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांची मात्र नीट परीक्षा घ्या. उंच आहेत का, कठडा दोन्ही बाजूंनी आहे का, मध्ये थांबायला जागा आहे का. दुपारी नको, संध्याकाळी सातला आईला घेऊन जा, जिन्यातला दिवा लागतो का तेही कळेल. पाणी किती वाजता येतं, टाकीतून की थेट, हे मालकाला नाही तर समोरच्या बिऱ्हाडाला विचारा.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला तो करून घ्यावाच लागतो. सी-१ लिहिलं असेल तर इमारत राहायला धोकादायक, विषय संपला. सी-२ अ म्हणजे दुरुस्तीसाठी घर काही काळ रिकामं करावं लागू शकतं. सी-२ ब असेल तर राहत्या घरात दुरुस्ती होते. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, तेही बघा. पुढेमागे पुनर्विकास निघाला तर सगळं त्याच्यावरच अडतं.

कर्जखाते

मी गृहकर्जाच्या कामात आहे, म्हणून फक्त पैशाचं बोलतो.

३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. ४१ लाखांवर ३२.८० लाख कर्ज, स्वतःचे ८.२० लाख. मुद्रांक शुल्क कर्जात धरत नाहीत, ते वेगळं. ते महिला सवलत वजा जाता सहा टक्के धरून चाला, २.४६ लाख. नोंदणी ३० हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार, दलाली एक टक्का म्हणजे ४१ हजार. बेरीज ११.६२ लाख. म्हणजे हातात सव्वादोन लाखांच्या वर उरतात.

पण जुन्या इमारतीचं मूल्यांकन बँक मालकाच्या किमतीइतकं करेलच असं नाही. समजा ३८ लाख धरलं, तर कर्ज ३०.४० लाख, आणि तुमचा खर्च १४.०२ लाखांवर जातो. हातातले सगळे संपले, वर दोन हजार कमी पडतात. म्हणून टोकन द्यायच्या आधी बँकेकडून मूल्यांकन करून घ्या आणि त्याच कागदावर घासाघीस करा. हप्ता आठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८३६ रुपये पडतो.

करारात तुमचं आणि आईचं, दोघींचंच नाव ठेवा. मामांचं किंवा आणखी कुणा पुरुषाचं नाव सोबत घातलं तर महिलांची एक टक्का सवलत जाते.

रश्मी_ठाकुर्ली

ठाकुर्ली पूर्वही एकदा बघा. स्टेशनजवळ, डोंबिवलीपेक्षा गर्दी कमी. अडचण एकच, फास्ट गाड्या थांबत नाहीत. फोर्टला रोज स्लोने जायची तयारी असेल तरच.

परळची_मानसी

सगळ्यांचे मनापासून आभार. रश्मी, स्लोने मला जमणार नाही, साडेनऊला हजेरी असते.

काका, तुमचं लिहिलेलं मामाला वाचून दाखवलं. तो गप्प झाला, आणि मग स्वतःच एजंटला फोन करून नको म्हणाला.

रामनगरच्या सेक्रेटरींना भेटले. ऑडिट सी-२ ब आहे. तळमजल्याच्या दोन खांबांचं काम निघालंय आणि प्रत्येक घराला ६० हजार भरायचे आहेत, मालकाने अजून भरलेले नाहीत. कन्व्हेयन्स झालेलं आहे. आईला संध्याकाळी नेलं. पायऱ्या बुटक्या आहेत, कठडा एका बाजूलाच आहे. ती मध्ये एकदा थांबली, पण चढली. बँकेचं मूल्यांकन पुढच्या आठवड्यात आहे. ते ६० हजार मालकाने भरावेत असं मी म्हणू शकते का? आणि दुसऱ्या बाजूला कठडा बसवायला सोसायटी हरकत घेईल का?

जुना_डोंबिवलीकर

म्हणू शकता, आणि म्हणाच. ठराव त्यांच्या मालकीच्या काळातला आहे. त्यांनी भरून सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणावं, आणि ते पत्र मिळाल्यावरच शेवटचा चेक द्यायचा, असं करारात लिहून घ्या. तोंडी नको.

कठड्यासाठी सेक्रेटरींना साधा अर्ज द्या, खर्च मी करते असं लिहा. त्या इमारतीत आणखी चार म्हातारी माणसं नक्की असतील, त्यांच्या सह्या आधी घ्या. लोखंडी नको, पावसाळ्यात गंजतो आणि हाताला लागतो, स्टीलचा गोल पाइप बसवा. मूल्यांकन किती आलं ते इथे लिहा, मालकाशी बोलायचं कसं ते त्यावरून ठरवू.