इतुर्बी आणि लेव्हंट

होसे इतुर्बी म्हणजे हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने सिनेमांत नुसता मिरवायला ठेवलेला पियानोवादक, असं एक मत वाचलं, ते अजिबात पटलं नाही. स्पेनमधल्या व्हालेन्सियाचा हा माणूस सिनेमात येण्याआधीच मैफिली गाजवत होता, शिवाय अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ऑर्केस्ट्राचा संचालकही होता. 'अ साँग टू रिमेंबर'मध्ये (१९४५) संगीतकार शोपँ झालाय नट कॉर्नेल वाइल्ड, पण पियानो ऐकू येतो तो इतुर्बीचा. श्रेयनामावलीत नाव मात्र नाही! त्यातल्या पोलोनेझची (पोलिश नृत्याच्या तालावरची शोपँची रचना) त्याची रेकॉर्ड तेव्हा धडाक्यात खपली.

माझा जीव मात्र ऑस्कर लेव्हंट या दुसऱ्या पियानोवादक नटावर. 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस'मधला (१९५१) त्याचा दिवास्वप्नाचा प्रसंग कितीही वेळा बघितला तरी मन भरत नाही. अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या 'कन्चर्टो इन एफ'चा (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) शेवटचा भाग चाललाय. पियानोवर तो, संचालक तो, व्हायोलिनवालेही तोच, आणि प्रेक्षकांत टाळ्या पिटणाराही तोच. वादन खरंखुरं त्याचं स्वतःचं. गर्श्विनचा तो जवळचा मित्र, आणि गर्श्विन तर १९३७ सालीच, ३८ व्या वर्षी गेला. हे ठाऊक असलं की त्या वाजवण्यातला जिव्हाळा जास्तच जाणवतो. सुरुवातीला एकाच सुरावर झपाट्याने पडणारी बोटं नीट बघा, डोळ्यांनी पकडता येत नाहीत.