पिंच हार्मोनिक : चिमटा की चिमटी?

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारवर 'पिंच हार्मोनिक', म्हणजे तारेतून किंचाळणारा उंच स्वर काढायची रीत, शिकतोय. पिंच म्हणजे चिमटा, असं धरून अंगठ्यानं तार दाबत बसलो. दोन आठवडे नुसतं ठप्प-ठप्प. शब्दाचा अर्थ चुकतोय की हात?

प्रतिसाद १ : अर्थ चुकला म्हणून हात चुकला. पिंच तारेचा नाहीच! पिकचं (तार छेडायच्या छोट्या पट्टीचं) टोक अंगठ्याखालून जेमतेम डोकावू द्या. तार छेडली की त्याच झटक्यात अंगठ्याची कड तिला ओझरती लागली पाहिजे. ओझरती. रेंगाळलात की तार मुकी.

प्रतिसाद २ : पण चिमटा काढल्यासारखी किंचाळते की! गिटारवालेही त्याला 'स्क्वील' म्हणतातच. बिली गिबन्स किंवा झॅक वाइल्ड हे रॉक गिटारवादक ऐका, चिमटाच पटेल.

प्रतिसाद ३ : 'हार्मोनिक'बद्दल कुणीच बोलत नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक गंधार ऐकू येतो, तो 'स्वयंभू गंधार' त्या तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनाचा स्वर. गिटारच्या तारेतही असे स्वर असतातच, मूळ स्वराखाली झाकलेले. अंगठा मूळ स्वराला गप्प करतो आणि झाकलेला वर येतो. तरी याला स्वयंभू म्हणवत नाही, कारण हा मुद्दाम काढलेला. अंगठा मात्र 'निस्पंदा'वर पडायला हवा. भौतिकशास्त्रातला हा शब्द मला फार आवडतो : कंप पावणाऱ्या तारेवरची न हलणारी जागा.

प्रतिसाद १ : आणि ती जागा सरकते, खरी मेख तिथे आहे. ६४८ मिमीच्या मोकळ्या तारेचा पाव हिश्श्यावरचा निस्पंद ब्रिजपासून (उजव्या हाताकडे तारा टेकतात त्या घोडीपासून) १६२ मिमीवर येतो. पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पाचव्या आडव्या पट्टीवर) बोट ठेवलं की उरलेली तार साधारण ४८५ मिमी, म्हणजे तोच निस्पंद १२१ मिमीच्या आसपास. पाव हिश्श्याखेरीज इतरही निस्पंद आहेत, प्रत्येकाचा स्वर वेगळा. म्हणून सुरुवातीला फ्रेट बदलू नका. उजवा हात कणाकणानं सरकवत ऐका. ब्रिजकडचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग) लावा, डिस्टॉर्शन (आवाजाचा फाटकेपणा) वाढवा. स्वच्छ आवाजात हे स्वर निघतात, पण क्षीण.

प्रश्नकर्ता : निघाला! तिसरी तार, पाचवा फ्रेट. दहा वेळा छेडली तर दोनदा, पण निघाला. वहीत आता काय लिहू, 'ओझरता हार्मोनिक'?

प्रतिसाद ३ : ओझरता स्पर्श तर बाराव्या फ्रेटवरच्या साध्या हार्मोनिकलाही लागतो, त्यानं फरक कळणार नाही. इथे पिक आणि अंगठा एकाच चिमटीत काम करतात. 'चिमटीचा हार्मोनिक' लिहा.

प्रतिसाद २ : चिमटा गेला, चिमटी आली. मान्य. पण किंचाळी माझीच!