मदत हवी आहे: रविवारी आठवड्याचं जेवण करून ठेवतो, पण गुरुवारपर्यंत निम्मं टाकावं लागतं

नमस्कार मंडळी,

थोडं लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

गेले चार महिने घरातला स्वयंपाक मी बघतो. बायकोला रात्रपाळी लागली आहे. ती घरातून निघते तेव्हा मी ऑफिसातून निघालेला असतो. घरात दोन मुलं, मोठा अकरा वर्षांचा, धाकटी सहा वर्षांची, आणि माझे वडील. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांचं मीठ सांभाळावं लागतं. मी सातला घरात शिरतो. तिथून भाजी निवडा, चिरा, शिजवा असं सुरू केलं की जेवायला बसेपर्यंत नऊ वाजून जातात. तोवर धाकटी बिस्किटं खाऊन पेंगायला लागलेली असते.

पहिले दोन महिने आठवड्यातून तीन-चार रात्री बाहेरूनच मागवलं. महिनाअखेरीला हिशेब मांडला, तर किराणा आणि भाजीला मिळून जेवढे पैसे गेले त्याहून जास्त या मागवण्यावर गेले होते. शिवाय ते जेवण तेलकट आणि खारट. वडील काही बोलले नाहीत. पण एका रात्री मी पाहिलं, ग्लासातलं पाणी वाटीत ओतून ते भाजीच्या फोडी त्यात बुचकळून खात होते. त्या रात्री ठरवलं की हे बंद करायचं.

मग रविवारचा स्वयंपाक सुरू केला. सकाळी नऊला उभा राहतो तो दुपारी दोनला ओटा पुसूनच बाहेर येतो. एक मोठं पातेलं राजमा किंवा चणे, एक मोठं पातेलं भात, दोन भाज्या, कधी चिकन. सगळं पाच दिवसांच्या हिशेबाने डब्यात भरून फ्रीजमध्ये. सोमवारी सगळे खूश. मंगळवारी ठीक. बुधवारी मोठा विचारतो, ‘परत तेच?’ गुरुवारी डबा उघडला की भाजीला पाणी सुटलेलं असतं, घेवडा काळपट आणि मऊ पडलेला असतो. मी ते टाकतो आणि पुन्हा फोन उचलून बाहेरून मागवतो. म्हणजे पाच तास राबून, वर पैसेही गेले.

त्यात तीन आठवड्यांपूर्वीचा प्रसंग. गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून भाताचं पातेलं झाकून ओट्यावरच ठेवलं. दिवसभरात ते विसरलो. रात्री अकराला आठवण झाली. पातेल्याला हात लावला तर बाहेरून गार होतं, पण डाव घालून मधला भात वर काढला तर तो अजून कोमट होता. मी तसंच फ्रीजमध्ये ढकललं. मंगळवारी तो भात खूप गरम करून वाढला आणि रात्री मोठ्याला उलट्या झाल्या. डॉक्टरांनी पाणी-मीठ-साखर द्यायला सांगितली, दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. भातामुळेच झालं की आणखी कशाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेव्हापासून शिळ्या भाताला हात लावताना भीती वाटते.

करून ठेवलेलं अन्न नेमकं किती दिवस चालतं? फ्रीजर छोटा आहे, त्यात काय ठेवावं आणि काय ठेवू नये? आणि एकाच स्वयंपाकात वडिलांचं कमी मिठाचं, मुलांचं चवीचं असं दोन्ही कसं जमवायचं? महागडी उपकरणं किंवा खास पदार्थ घेणं परवडणार नाही. घरात कुकर, दोन मोठी पातेली आणि झाकणाचे डबे आहेत. जे नियमित करतात त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी भाताचं बोलते, कारण तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणजे तुम्ही कितीही वाफ काढली असती तरी उपयोग नव्हता. तुमची चूक मंगळवारची नव्हती, रविवार दुपारची होती.

साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा टप्पा. अन्न यात जितका कमी वेळ राहील तितकं बरं. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, खोलीत खूप उकाडा असेल तर एका तासात. मोठं पातेलं मधून निवायला फार वेळ घेतं, ते तुम्ही डावाने स्वतः पाहिलंतच. म्हणून भात परातीत पातळ पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरा आणि लगेच आत. रसदार पदार्थ असेल तर दोन-तीन भांड्यांत वाटून गार पाण्याच्या टबात ठेवा आणि ढवळत राहा, अर्ध्या तासात काम होतं. किंचित कोमट डबा फ्रीजमध्ये गेला तर काही बिघडत नाही, फक्त डबे एकमेकांना चिकटवून रचू नका, मध्ये हवा खेळू द्या.

फ्रीज 5 अंशांच्या खाली हवा. एक साधा थर्मामीटर आत ठेवून बघा. माझा फ्रीज 9 अंशांवर चालत होता आणि मी वर्षभर दुधाला दोष देत होते. शिजवलेलं अन्न तीन, फार तर चार दिवस. भात मात्र मी दुसऱ्या दिवशी संपवते. गरम करायचं ते एकदाच आणि वाफाळेपर्यंत. मायक्रोवेव्ह असेल तर मध्ये थांबून ढवळायचं, कारण तो कडेला उकळवतो आणि मध्ये गार ठेवतो.

प्रतिसाद २

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. मी दुसऱ्या बाजूने सांगते.

नोकरी आणि घर मिळून माझी वीस वर्षं गेली. पाच दिवसांची तयार जेवणं मीही सुरुवातीला करून बघितली आणि तुमच्यासारखीच टाकली. नंतर ठरवलं, रविवारी पदार्थ पूर्ण करायचाच नाही. जे वेळखाऊ आहे तेवढंच उरकून ठेवायचं आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं रोजची.

वेळ कशात जातो ते बघा. कडधान्य भिजवणं-शिजवणं, कांदा-टोमॅटो परतणं आणि भाजी निवडणं-चिरणं. शनिवारी रात्री अर्धा किलो चणे भिजवा. शिजवल्यावर ते वजनाने दुपटीहून जास्त भरतात, म्हणजे किलोच्या वर. बिनमिठाचे शिजवा, एका जेवणाला लागतील तेवढ्या वाट्या वेगळ्या करा, थोडं शिजवलेलं पाणी घालून फ्रीजरमध्ये. ते महिना-दोन महिने सहज टिकतात. कांदा, लसूण, टोमॅटो एकदाच भरपूर परतून आटवून घ्या आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. चौघांच्या भाजीला चार तुकडे पुरतात. हे दोन असले की सातला घरात शिरल्यावर साडेसातला जेवण होतं, आणि ते ताजं लागतं.

मुलांच्या ‘परत तेच’चंही उत्तर यातच आहे. तेच चणे सोमवारी सूपमध्ये, मंगळवारी भाज्यांबरोबर परतून, गुरुवारी कुस्करून टिक्क्या. मुलांना चण्याचा कंटाळा येत नाही, रोज त्याच चवीचा येतो.

वडिलांचंही सोपं होतं. सगळं बिनमिठाचं असल्यामुळे रोज त्यांची वाटी आधी बाजूला काढायची आणि मग पातेल्यात मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा सपाट चमचा, तोही दिवसभराचं सगळं धरून. वडिलांच्या वाटीत लिंबू पिळा, मिरपूड घाला, भाजलेला लसूण घाला. आंबटपणा असला की मिठाची उणीव कमी जाणवते. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर ते घातक ठरू शकतं.

प्रतिसाद ३

राजम्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. कच्च्या राजम्यात विषारी लेक्टिन असतं. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचा, निदान दहा मिनिटं, अर्धा तास तर उत्तमच. कुकरमध्ये तापमान उकळीच्या वर जातं, त्यामुळे तिथे नीट शिजवला तर काळजी नाही. मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्याची पद्धत राजम्याला चालत नाही.

तुमच्या घेवड्याचं म्हणाल तर शिजवून पाच दिवस ठेवण्यापेक्षा चिरून उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर पूर्ण कोरडा करून गोठवा. उकळीने भाजीतले रंग-चव बिघडवणारे घटक थांबतात. मटार, गाजर, फ्लॉवर याच पद्धतीने. काकडी, सॅलडची पानं, बटाट्याच्या फोडी फ्रीजरमध्ये घालू नका, पाणी पाणी होतं किंवा रवाळ लागतं. रसदार पदार्थाचा डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि काचेचा डबा तडकतो. आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहा. फ्रीजरमध्ये जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात, म्हणून बाहेर काढलेलं आदल्या रात्री फ्रीजमध्येच उतरवून ठेवायचं, ओट्यावर नाही.

पैसे वाचवायचे असतील तर आठवड्याचा क्रम भाजीच्या टिकण्यावर लावा. पालेभाजी सोमवारी-मंगळवारी, कोबी, गाजर, भोपळा शेवटी. यात काहीच टाकावं लागत नाही, आणि खरी बचत तिथेच होते.

प्रतिसाद ४

मी फ्रीजरमधलं खात नाही, रोज ताजंच करतो. पण माझ्या घरी दोघंच आहोत आणि मी चारला घरी येतो. तुमच्या परिस्थितीत वरचं बरोबर वाटतं.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण करून बघून मगच सांगायचं होतं.

तीन रविवार झाले. आता अडीच तासांत आटोपतं. शनिवारी रात्री कडधान्य भिजवण्याचं काम मोठ्याने स्वतःहून घेतलंय, मापाची वाटी त्याच्याच ताब्यात असते. बर्फाच्या ट्रेची युक्ती तर फारच उपयोगी पडली. फ्रीज तपासला, 8 अंश निघाला, आता 4 वर आणलाय. भात रोज ताजा लावतो. कुकर चढवून कपडे बदलून येईपर्यंत होतो, त्याला आधी करून ठेवण्याची गरजच नव्हती. या तीन आठवड्यांत एकदाच बाहेरून मागवलं, आणि कचऱ्यात गेलं ते फक्त एक वाटी भोपळा, तोही मी करपवला म्हणून.

परवा वडिलांनी जेवताना आपणहून आणखी वाढ म्हटलं. लिंबू आणि भाजलेल्या लसणाची वाटी होती. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता.

आता एक अडलंय. धाकटीचा शाळेचा डबा मी सकाळी सातला भरतो आणि ती तो एक वाजता उघडते. शाळेत गरम करायची किंवा गार ठेवायची सोय नाही. दोन तासांचा नियम वाचल्यापासून रोज सकाळी तो डबा भरताना हात अडखळतो. ज्यांची मुलं एवढी लहान आहेत, ते सहा तास चांगलं राहील असं डब्यात काय देतात आणि कसं भरतात?