शाळकरी मुलींनीच मुलींच्या शिक्षणासाठी रस्त्यावर उतरायचं का?

पर्वतीकर: परवा बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेसमोर आठवी-नववीच्या मुली फलक घेऊन उभ्या होत्या, मुलींची शाळा मधेच सोडवू नका म्हणून. हेतू चांगलाच, पण मला हे पटत नाही. हे काम मोठ्यांचं आहे. पाकिस्तानातली मलाला अकरा वर्षांची असताना बीबीसी उर्दूसाठी टोपणनावाने लिहायला लागली आणि २०१२ मध्ये पंधराव्या वर्षी शाळेच्या गाडीत तिला गोळी घातली. वाचली म्हणून २०१४ ला नोबेल मिळालं, नसती वाचली तर?

आकाशी: दादा, तिच्या स्वात खोऱ्यात २००९ ला तालिबानने मुलींच्या शाळा बंद करायला लावल्या तेव्हा शाळा तिची बुडत होती ना, मग तिने नाही तर कोणी बोलायचं? आणि त्याच भिडे वाड्यात १८४८ ला सावित्रीबाई शिकवायला लागल्या तेव्हा जेमतेम सतराच्या होत्या. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, १८५५ ला ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला, तीही शाळकरी पोरच की.

मंडईकर: इतिहास मान्य, पण फलकाने काय होतं सांगा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आता धाकट्या भावाला सांभाळत घरी बसलीये. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, खरी गळती त्याच्या पुढेच सुरू होते. तिच्या आईला घोषणा नकोत, पाळणाघर पाहिजे.

वेल्ह्याची लेक: मग पाळणाघर तरी कोण मागणार, मागितल्याशिवाय मिळालंय का काही? आमच्याकडे मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, छान आहे, पण संध्याकाळची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जायची, मग पोरी शेवटचे दोन तास सोडून पळायच्या नाहीतर अंधारात डोंगर उतरायच्या, आणि एकदा घरच्यांना भीती बसली की शाळा संपली. ते आम्हीच मुलींनी सह्या गोळा करून आगारात सांगितलं तेव्हा वेळ बदलली. घरातली मोठी माणसं म्हणत होती कशाला भानगडीत पडता.

पर्वतीकर: सह्यांचा अर्ज वेगळा, तो मलाही पटतो, पण सोबत कोणीतरी मोठं असायला पाहिजे होतं, एवढंच म्हणणं आहे माझं.

वेल्ह्याची लेक: होत्या की, आमच्या मराठीच्या बाई, स्वतः रजा टाकून आल्या होत्या. मंडईकर, मावशींच्या मुलीची अकरावीची मुदत गेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येतं, फक्त दहावीनंतर मधलं वर्ष जावं लागतं. तिला विचारून बघा, फॉर्म भरायला मी येईन सोबत.