मदत हवी आहे: 'ऊझ'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात कोथरूडला राहते. भूगोलाच्या एका इंग्रजी पुस्तिकेचा मराठी अनुवाद करतेय आणि तीन दिवस 'ऊझ' (ooze) या शब्दापाशी अडले आहे.

हा शब्द क्रियापदही आहे आणि नामही. मला वाटायचं, एकातून दुसरा आला असेल. पण मुळं वेगळी निघाली! दाट द्रव हळूहळू बाहेर येणं, हा अर्थ जुन्या इंग्रजीतल्या 'वोस'वरून आला, म्हणजे रस, चीक. मऊ ओला गाळ हा अर्थ 'वासे'वरून, म्हणजे चिखल. पुढे दोन्ही एकसारखे झाले.

जवळच्या इंग्रजी शब्दांपैकी 'सीप'ला (seep) झिरपणे चपखल बसतं. 'ट्रिकल'ला (trickle) ओघळणे चालेल. पण 'ऊझ'ला? पाझरणे म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कातळातलं स्वच्छ पाणी येतं, खोडातून संथ बाहेर येणारा घट्ट डिंक नाही.

नामाचं तर आणखी अवघड. खोल समुद्राच्या तळाशी सूक्ष्मजीवांच्या कवचांचा थर साचतो. कवचांचं प्रमाण किमान ३० टक्के असेल तरच त्याला 'ऊझ' म्हणतात. 'गाळ' मी आधीच 'सिल्ट'साठी वापरलाय. माझं आजोळ मुळशीकडचं, तिथे भातखाचरात चिखलणी झाली की पाय पोटरीपर्यंत रुततो, तसला मऊपणा मला शब्दात हवाय. 'रेंदा' कसा वाटतो? की तो फार गटाराकडे झुकतो?

कोकणातल्या, खाडीकाठच्या मंडळींनी जरूर सांगा, ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या त्या मऊ चिखलाला तुमच्याकडे काय म्हणतात? सोमवारी मजकूर द्यायचा आहे.