टायरेल पी३४ (१/२०): जुलैत मारलेला निळा रंग दुधाळ झालाय, पुढे काय करू?

भिंग (डोंबिवली):

नमस्कार. तामिया या जपानी कंपनीचं १/२० मापाचं टायरेल पी३४चं प्लास्टिकचं किट जोडायला घेतलंय, १९७६च्या जपान ग्रां प्रीमधलं. सहा चाकांची ती फॉर्म्युला वन गाडी: पुढे चार छोटी चाकं, मागे दोन दांडगी. धाकटा भाऊ नागोयाला असतो, गेल्या दिवाळीत त्याने आणून दिलं. याआधी मी १/२४च्या चार गाड्या केल्यात, पण त्या सगळ्या बंद बॉनेटच्या. इंजिन उघड्यावर असलेली ही पहिलीच.

विमानातून स्प्रेचा डबा आणता येत नाही, म्हणून निळा लॅकर स्प्रे इथल्याच गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून घेतला. राखाडी प्रायमर मे महिन्यात मारून ठेवला होता, तो सुंदर बसलाय. निळा परवा रविवारी संध्याकाळी गॅलरीत मारला. पाऊस नुकताच थांबला होता. दहा मिनिटांत बॉडीवर दुधाळ झाक आली, जणू आतून कुणी ताक लावलंय. पुसून जात नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्यात बुडवून सगळा रंग काढू का?

दुसरं, कॉकपिटच्या बाजूला ज्या छोट्या पारदर्शक खिडक्या आहेत, त्यातली एक सुपरग्लूने चिकटवली आणि ती धुरकट झाली. या गाडीत त्या खिडक्याच तर बघण्यासारख्या आहेत, त्यांतून पुढची छोटी चाकं दिसतात. वाचवता येईल का?

तिसरं, इंजिनाला प्लगच्या वायरी आणि इंधनाच्या नळ्या स्वतः घालायच्यात. कशाच्या करू, किती जाड, आणि कुठून कुठे न्यायच्या?

गणपतीत भाऊ येतोय. त्याआधी गाडी काचेच्या कपाटात उभी दिसायला हवी.

ओली कड (मिरज):

ताई, अल्कोहोलला हात लावू नका. निळा निघेल, पण त्याच्याबरोबर मे महिन्यातला चांगला प्रायमरही मऊ पडेल, आणि सगळा चिखल पॅनेलच्या रेषांत जाऊन बसेल.

झालंय काय, तर लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो. उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत एवढी ओल असली की त्या थंड थरावर दव पडतं आणि ते वाळत्या रंगात अडकतं. रंग बिघडलेला नाही, आत पाणी अडकलंय. आमच्या गॅरेजमध्ये दर पावसाळ्यात एक तरी बंपर असा परत येतो.

दोन दिवस तसंच राहू द्या. मग एसी असलेली खोली तासभर कोरडी करून घ्या. डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी बाळाच्या अंघोळीइतकंच कोमट, गॅसवर वगैरे अजिबात नाही. आधी गाडीच्या पोटाकडच्या एखाद्या भागावर त्याच निळ्याचा अगदी विरळ, भुरभुरता थर मारून बघा. ताजा थिनर खालचा थर किंचित उघडतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. बऱ्याच वेळा एवढ्यानेच झाक जाते. थर ओला, जाड मारायचा मोह टाळा. गेली नाही तर २०००चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवा आणि पुन्हा तोच विरळ थर. दिवस मात्र उघडीप असलेला निवडा, दुपारी बारा ते तीन.

आणि एक. आमच्याकडचं एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) उघड्या प्लास्टिकला लावू नका. ही किट पॉलिस्टायरीनची असते, थिनर तिला खातं. तुमचा प्रायमर मध्ये होता म्हणून बॉडी वाचली.

अर्धा सूत (भोसरी):

रंगाचं ओली कड यांनी बरोबर सांगितलंय. वायरींचं मी सांगतो, पण शेवटी. आधी चाकं.

मी सव्वीस वर्षं टूलरूममध्ये इंजेक्शन मोल्ड बनवले. त्यामुळे किटचा डबा उघडला की मला गाडीच्या आधी तिचा साचा दिसतो. प्रत्येक दांडीवर साच्याचे दोन भाग मिळाल्याची बारीक रेघ असते, ती पार्टिंग लाइन. पार्ट साच्यातून ढकलून बाहेर काढतात त्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे आतल्या बाजूला असतात. जिथे प्लास्टिक जाड, तिथे ते थंड होताना आत ओढलं जातं आणि खळगा पडतो, तो सिंक मार्क. बंद बॉनेटच्या गाडीत यातलं बरंच झाकलं जातं. तुमच्या पी३४च्या पुढच्या भागात चार चाकांची सगळी हाडं हाताच्या अंगठ्याएवढ्या जागेत येतात आणि तिथे पार्टिंग लाइनचा ०.१ मिमीचा उंचवटा राहिला तर अपराइट, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो उभा तुकडा, वाकडं बसतं. पॉलिश पेपरने घासू नका, दांडी लंबगोल होते. नव्या ब्लेडची धार उभी धरून ओढा, सुताराची रंध्याची ढलपी निघते तशी बारीक साल निघेल.

चाकांचा एवढा आग्रह का, ते सांगतो. डेरेक गार्डनर यांनी ही गाडी आखली. पुढची चाकं १० इंची रिमची केली, म्हणजे ती रुंद नाकाच्या आडोशाला लपतात आणि समोरची हवा कमी अडते. छोट्या चाकाची जमिनीवरची पकड कमी, म्हणून दोनऐवजी चार, आणि चारांना चार ब्रेक. १९७६च्या स्वीडिश ग्रां प्रीत अँडरस्टॉर्पला जोडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक डेपाये दुसरा आला, दोघंही याच गाडीत. मी आयटीआयला असताना रद्दीच्या दुकानातल्या एका इंग्रजी मासिकात तिचा फोटो पाहिला. पान फाडून घेतलं होतं, अजून आहे. कॉकपिटच्या खिडक्या ठेवल्या त्याही या चाकांसाठीच: एवढी छोटी चाकं आत बसून चालकाला दिसणार कशी? म्हणून ताई, चारातलं एक चाक जरी हवेत राहिलं तरी ती गाडी पी३४ राहत नाही.

१० इंची रिम १/२०मध्ये बरोबर अर्धा इंच होते, १२.७ मिमी. त्या मापात ०.३ मिमीची चूक म्हणजे खऱ्या गाडीत ६ मिमी. चार चाकांच्या गाडीत एक चाक उचललं की ती डुगडुगते, हाताला लगेच कळतं. सहांत तसं होत नाही. बाकीची पाच तिला पेलून धरतात आणि सहावं गुपचूप तरंगत राहतं.

माझी रीत अशी. फोटोफ्रेमची जाड काच टेबलावर ठेवा. टूलरूममध्ये सरफेस प्लेट असते, इथे काच चालते. पुढचा भाग पातळ सिमेंटने (प्लास्टिक जोडायच्या गोंदाने) जोडा, त्याला काही मिनिटं हलण्याची मुभा असते. त्या वेळात टायरसकट गाडी काचेवर ठेवा, टबवर, म्हणजे चालक बसतो त्या मधल्या भागावर, दहा रुपयांची चार नाणी ठेवा आणि प्रत्येक टायरखाली पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी सरकवा. एकेक पट्टी ओढून बघा. सहाही सारख्या अडल्या पाहिजेत. जी सुळकन निघते ते चाक तरंगतंय. तिथेच दाबून, सुधारून, नाणी न हलवता रात्रभर सोडा. हे झाल्याशिवाय इंजिनाकडे वळू नका. वायरी घातलेलं इंजिन मागे बसलं की पुढचा भाग दुरुस्त करायला हात पोचत नाही, आणि पोचला तर वायरी तुटतात.

आता इंजिन. पी३४मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही, तीन लिटरचं ९० अंशांचं व्ही८, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्हीसारख्या. १९६७ साली झँडव्होर्टला लोटस ४९मध्ये पहिल्यांदा उतरलं आणि जिम क्लार्कने पहिलीच शर्यत जिंकली. हे इंजिन टबच्या मागच्या भिंतीला बोल्टने जोडलेलं असतं आणि गाडीचा मागचा भार तेच पेलतं, वेगळी चेसिस नाही. म्हणून ते असं उघडं दिसतं. १९७६च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून उंच एअरबॉक्सवर (इंजिनावरच्या हवा घेणाऱ्या खोक्यावर) बंदी आली, त्यामुळे वरूनही फारसं झाकलेलं नाही. तुमच्या वायरी सगळ्यांना दिसणार.

प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि प्लग मधोमध, म्हणजे प्रत्येक बाजूच्या दोन कॅमशाफ्टच्या मधल्या खाचेत. तिथून प्रत्येक बाजूला चार वायरी निघतात आणि व्हीच्या दरीत, हवा ओढणाऱ्या आठ तुताऱ्यांच्या खाली उतरतात. इंधनाच्या आठ बारीक नळ्या त्याच दरीतल्या, इंधन मोजून सोडणाऱ्या मीटरिंग युनिटमधून तुताऱ्यांकडे येतात. एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूंना, तिकडे एकही वायर नाही. खऱ्या गाडीचे फोटो बघूनच मार्ग ठरवा. दुसऱ्याने केलेलं मॉडेल बघून करू नका, त्याची चूक तुमच्याकडे येते आणि तुमची पुढच्याकडे जाते.

जाडी: खरी प्लगची वायर साधारण ७ मिमी, भागिले २०, म्हणजे ०.३५. बाजारात महागड्या डिटेलिंग वायरी मिळतात, त्यांची गरज नाही. मोटर वाइंडिंगवाल्याकडे जा आणि २९ गेजची एनॅमल्ड तांब्याची तार हातभर मागा. तिची जाडी ०.३४५ मिमी भरते. मऊ असते, वळवली तशी राहते, परत फिरत नाही. इंधनाच्या नळीला ३० गेज. रंगाआधी तारेलाही प्रायमर द्या, नाहीतर वळणावर रंग सोलतो. भोकासाठी ०.४चा ड्रिल पिन व्हाइसमध्ये (ड्रिल पकडायच्या छोट्या मुठीत) धरून हाताने फिरवा. मशीनने प्लास्टिक वितळतं आणि ड्रिल अडकून मोडतो. आधी सुईने खूण टोचा.

तांब्याला प्लास्टिकचं सिमेंट धरत नाही, तिथे सुपरग्लूच लागेल, सुईच्या टोकावर येईल तेवढाच. खिडकी धुरकट का झाली ते इथेच आहे. त्या गोंदाची वाफ आसपास जाऊन बसते आणि दमट, कोंडलेल्या हवेत जास्त बसते. म्हणून वायरींचं काम होऊन पूर्ण दिवस जाईपर्यंत पारदर्शक पार्ट त्या खोलीतही ठेवू नका. धूर वरवरचा असेल तर २०००चा पेपर पाण्यात, मग गाडीच्या रंगाचं बारीक रबिंग कंपाउंड सुती कापडावर घेऊन गोल गोल. पंधरा-वीस मिनिटं लागतील, घाई नको. परत बसवताना फेविकॉल, टाचणीने, कडेला. वाळल्यावर दिसत नाही.

हमामात्सुकर:

तुमच्या भावाने डब्यावरचं जपानी वाचून दाखवलं का माहीत नाही, पण फुजीच्या शर्यतीत, म्हणजे तुमच्या १९७६च्या जपान ग्रां प्रीत, टायरेलने गाडीवर स्वतःचं नाव जपानी लिपीत लिहिलं होतं, 'ताइरेरु'. मजा अशी की जपानीत परदेशी नावं काताकाना लिपीत लिहितात आणि हे हिरागानात आहे, म्हणजे घरच्या शब्दासारखं. इथल्या लोकांना ते बघून अजून गोड वाटतं. भर पावसात आणि धुक्यात झालेली ती शर्यत. आंद्रेत्ती पहिला, डेपाये दुसरा. तिसऱ्या आलेल्या हंटला विश्वविजेतेपद मिळालं.

ती अक्षरं खिडकीच्या जवळ येतात, तेव्हा खिडकी बसवण्याआधी डिकल (अक्षरांचं पातळ चिकटचित्र) लावून घ्या. आणि डिकलखालचा रंग चकचकीत हवा. दुधाळ, खरखरीत रंगावर लावलं तर पारदर्शक कडेखाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसते. आधी ओली कड यांचं पूर्ण करा.

भिंग (डोंबिवली):

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवस झाले, तर सांगते.

रंग: मागच्या शनिवारी ऊन पडलं. एसी लावून, डबा कोमट करून विरळ थर मारला. पोटाकडची झाक पहिल्याच थरात गेली. नाकावर दोन थर आणि मध्ये एकदा २०००चा पेपर लागला. आता निळा तसाच दिसतोय जसा फोटोत दिसतो.

अर्धा सूत काका, पट्टीचा प्रयोग केला. पाच पट्ट्या अडल्या. उजवीकडचं पुढून दुसरं चाक, पट्टी सुळकन बाहेर. वरून बघून मला आयुष्यात कळलं नसतं. अपराइट काढून लॅबमधल्या भिंगाखाली धरलं तर खालच्या भोकात केसाएवढी फ्लॅश, म्हणजे साच्यातून बाहेर आलेली प्लास्टिकची पापुद्री, होती. ती ब्लेडने काढली, परत बसवलं, रात्रभर नाण्यांखाली ठेवलं. सकाळी सहाही पट्ट्या अडल्या. मी त्या काचेसमोर बराच वेळ नुसती बसून होते.

वाइंडिंगवाल्या काकांनी तारेचे पैसेच घेतले नाहीत, कशाला हवी ते ऐकून आणखी मीटरभर दिली. गोंद सुईऐवजी मायक्रोपिपेटच्या टिपने लावते, हात रोजच्या कामाने त्याला सरावलेला आहे. डाव्या बाजूच्या चार वायरी बसल्या. एक शंका: दरीत उतरताना चारही एकत्र बांधलेल्या दाखवू की सुट्या?

अर्धा सूत (भोसरी):

सुट्या उतरवा, पण खाली गेल्यावर एकमेकींना टेकू द्या. ताठ ठेवू नका, प्रत्येकीला थोडी ढील द्या. खऱ्या इंजिनात ती थरथरते म्हणून ढील ठेवावीच लागते. पिपेटच्या टिपचं मला सुचलं नव्हतं, मीही आणून बघतो.

भिंग (डोंबिवली):

ढील दिली. उजव्या बाजूच्या चार उद्या रात्री. खिडकी अजून कपाटातच आहे, दुसऱ्या खोलीत.