माटोळीच्या वनस्पतींची चित्रवही: चित्र नोंद म्हणून उपयोगी पडेल का?

चित्रकलेची बाई, वाळपई:

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवते. यंदा गणेश चवथीच्या आधी सातवीच्या मुलांकडून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीला, लागणाऱ्या वनस्पतींची चित्रवही करून घ्यायचं मनात आहे. बांधलेल्या माटोळीचं चित्र मुलं दर वर्षी काढतातच: नारळ, सुपारीचे घड, चिबूड, लालभडक कवंडळं. पण कवंडळाच्या वेलीचं पान कसं असतं असं विचारलं की अख्खा वर्ग गप्प. बऱ्याच घरांत आता सगळं सामान बाजारातूनच येतं, मुलांनी ती वेल पाहिलेलीच नसते. म्हणून झाड जिथे उभं आहे तिथेच मुलांना बसवून चित्र काढून घ्यायचं आहे.

आमच्या विज्ञानाच्या सरांचं म्हणणं, फोटो काढला की नोंद झाली, चित्र हवं कशाला? मला ते पटत नाही. पण चित्राला नोंदीचं मोल यायचं तर त्यात काय काय असावं? आणि नियमांच्या ओझ्याने मुलांचा हात आखडायलाही नको.

वनस्पतीशास्त्रवाला, फोंडा:

बाई, जरूर करा. मी वनस्पतीशास्त्र शिकलो, पण झाडं खरी ओळखीची झाली ती कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर.

कुड्याच्या झाडाचंच बघा. माटोळीला त्याच्या लांब, जोडीने लोंबणाऱ्या शेंगा बांधतात. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाशी सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या कोवळेपणी टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. लांबून काढलेल्या फोटोत हे निसटतं. चित्र काढणाऱ्याला मात्र रेघ टोकापर्यंत न्यावीच लागते, आणि तिथे पोचल्यावर जुळवायची की सोडायची हे ठरवायला मान वर करून पुन्हा शेंगेकडे बघावं लागतं. मला विचाराल तर त्या बघण्यातच शास्त्र आहे.

तुमच्या सरांना आणखी एक सांगा. 'होर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीतले तीन कोंकणी वैद्य होते. त्यातल्या चित्रांवर झाडांची नावं नागरीतही कोरलेली आहेत. पुढे वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने त्यातल्या कित्येक वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली ती ही चित्रं समोर ठेवून.

नियम थोडेच ठेवा. वहीच्या पानावर तारीख, वाड्याचं (वस्तीचं) नाव आणि शेजारी एक सेंटिमीटरची रेघ, म्हणजे आकार कळतो. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसलं पाहिजे. फळ एकदा अख्खं, एकदा कापून. आणि जे दिसलं नाही ते मनाने काढायचं नाही. कागद तिथे कोराच राहू दे. बाकी हात मोकळा सोडा. फोटोही घ्या, ओळख पटवायला तो लागतोच.

डिचोलीकर:

वर सगळं पटलं. माझी काळजी वेगळी आहे. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे लोक पुन्हा रानातली नावं विचारू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दुर्मीळ जिन्नस जास्त दिसावेत म्हणून काही जण वेल मुळासकट उपटतात, हेही मी पाहिलंय. माझी आई एका वेलीवरची दोन-तीनच फळं काढायची, बाकीची पाखरांना. मुलांच्या वहीत हेही येऊ दे: हे फळ कोण खातं, बी कशी पसरते. माट्टीच्या (ऐनाच्या) झाडाच्या फळाला पाच पंख असतात, कुड्याच्या बियांना रेशमी झुबके. चित्र काढताना मुलांना ते आपोआप कळेल. आणि म्हादई अभयारण्याच्या हद्दीत काही तोडू नका, तिथे नुसतं बघून काढा.

चित्रकलेची बाई, वाळपई:

दोघांचेही मनापासून आभार. कापलेलं फळ आणि कोरी जागा, या दोन्ही गोष्टी मला सुचल्या नसत्या. कळलावीचं फूल मुलांना फार आवडतं, ते घेऊ का? आणि पावसात रंग कसे करायचे? जलरंग वाळतच नाहीत.

वनस्पतीशास्त्रवाला, फोंडा:

कळलावी जरूर घ्या, पण हात न लावता. ती सगळीच विषारी, कंद तर जास्तच. मुलांना आधी बजावून ठेवा. पाकळ्या आधी हिरवट पिवळ्या असतात, मग खालून पिवळ्या आणि टोकाशी लाल, शेवटी लालच लाल. शक्य असेल तर एकच फूल चार-पाच दिवस रोज त्याच मुलाकडून काढून घ्या. पानाचं टोक सुतळीसारखं वळून शेजारच्या काटकीला धरतं, तेही सुटायला नको.

रंगाचं म्हणाल तर रानात फक्त पेन्सिल. मात्र कागदाच्या कडेला रंगीत पेन्सिलींचे छोटे चौकोन तिथल्या तिथे जुळवून घ्यायचे, देठाचा वेगळा, पानाच्या पाठीचा वेगळा. जलरंग मग वर्गात, त्या चौकोनांवरून. कागद जाड घ्या आणि पाठीला पुठ्ठा, वर प्लास्टिकची पिशवी.